यंदा आई कुणाच्या नावावर

आमच्याकडे आई पाळीने असते. म्हणजे राहते ती हॅनकॉक गावातच, आपल्या स्वयंपाकघरात, आणि तिथून तिला हलवायची कुणाची टाप नाही. पण टॅक्सच्या कागदावर ती एक वर्ष माझी, एक वर्ष धाकट्या बहिणीची, म्हणजे गेलची, आणि एक वर्ष माझ्या भावाची, अर्नीची.

यात लबाडी काही नाही, आधीच सांगून ठेवते. वडील गेल्यावर आईची सरकारी पेन्शन भाड्याला आणि हिवाळ्यातल्या गॅसच्या बिलाला पुरेना, तेव्हापासून आम्ही तिघं दर महिन्याला तिच्या खात्यात आपापला वाटा टाकतो. सरकारचं म्हणणं असं, की तिघांनी मिळून सांभाळा, आमची ना नाही. पण आश्रित म्हणून तिला एकानेच आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, आणि बाकीच्या दोघांनी लिहून द्यायचं की या वर्षापुरता आमचा तिच्यावर हक्क नाही. पहिल्यांदा मी त्या कागदावर सही केली तेव्हा चक्क रडले होते. आईवर हक्क नाही म्हणे. मग सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

आईने मात्र ही भानगड आमच्यापेक्षा जास्त मनावर घेतली. ज्याचं वर्ष असेल त्याच्या गाडीत ती पुढच्या सीटवर बसणार, ईस्टरला त्याच्याच घरी जेवणार आणि सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच घालणार. "यंदा मी गेलची आहे," असं ती चर्चच्या हॉलमध्ये बिंगो खेळताना लोकांना सांगते. गेलचं वर्ष झालं. त्यानंतरचं अर्नीचं, आणि त्याच वर्षाचा टॅक्स आता भरायचा होता.

सगळ्यांचे रिटर्न मी भरते. बस डेपोत ड्यूट्या लावण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे कोण कुठे आणि का नाही हे विचारायची मला खोडच आहे. मार्चमधल्या एका शनिवारी मी राहते त्या मार्केट नावाच्या शहरातून लॅपटॉप घेऊन निघते, दोन तास बर्फातून गाडी हाकते आणि आईच्या टेबलावर दुकान मांडते. गेलचं फोनवर होतं. अर्नीला समोर बसवावं लागतं, नाहीतर तो कागद हरवतो.

यंदा अर्नीने नाताळपासूनच फोन करून माझं डोकं खाल्लं होतं. "यंदा आई माझी ना?"

"तुझीच आहे बाबा. कोण पळवतंय तिला?"

"नाही, विचारून ठेवलं."

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मी चिडले नाही. मी चिडले नाही ही गोष्ट माझ्या नवऱ्यानेसुद्धा नोंद करून ठेवण्यासारखी आहे. पण मला कळत होतं. इतकी वर्षं अर्नीच्या रिटर्नमध्ये बायको, दोन पोरगे, सगळी भरलेली रांग असायची. मग पोरगे मोठे होऊन मिनियापोलिसला गेले. मग बायको सोडून गेली, जाताना मासेमारीची बोट घेऊन गेली. आणि खरं सांगू का, पहिले काही महिने तो बोटीसाठीच जास्त हळहळला. मग गेल्या वर्षी जानेवारीत लोकांच्या छपरांवरचा बर्फ काढता काढता तो छपरावरून खाली आला. आमच्याकडे हा धंदाच आहे, थंडीत छपरं मोकळी करायची, उन्हाळ्यात तीच रंगवायची. पाठ गेली. भाड्याची खोली सोडून तो आईकडे राहायला आला. आम्ही सगळे म्हणायचो, बरं झालं, आईला सोबत झाली. उन्हाळ्यात तो पुन्हा रंगकामाला लागला असं मला सांगण्यात आलं होतं. थोडक्यात, आश्रितांच्या चौकटीत लिहायला त्याच्याकडे आता एक आईच उरली होती, आणि ती तरी असावी म्हणून तो जीव टाकत होता.

तर त्या शनिवारी मी जरा लवकर पोचले. म्हटलं, आईला जेवणाचा त्रास नको, मिसेस टेर्वोच्या दुकानातून मांस भरून भाजलेल्या चार पेस्ट्या घेऊन जाव्यात. आईने फोनवर बजावलं होतं, "दुकानात थांबू नकोस, मी घरी करतेय." पण आईचं ऐकायचं वय माझं राहिलेलं नाही, मी एकसष्ट वर्षांची आहे.

दुकानात काउंटरच्या मागे लांबच लांब टेबल आहे. तिथे बायका पोळी लाटतात, त्यात मांस, बटाटा, कांदा, सलगम भरतात आणि करंजीला घालतो तशी कडेने मुरड घालतात. तीन बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या, डोक्यांवर जाळ्या. मधलीचा हात ज्या तऱ्हेने चालला होता, तो मी ओळखला. तसा हात जगात एकच आहे आणि त्याने लहानपणी माझ्या वेण्या घातल्यात.

"आई?"

"तू बारा वाजता येणार होतीस," आई म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

"साडेअकरा वाजलेत."

"तेच म्हणतेय मी."

"तू इथे काय करतेयस?"

"दिसत नाही? मुरड घालतेय."

"कधीपासून?"

"सहापासून."

"आई. कधीपासून?"

आईने पुढची पेस्टी पुढ्यात ओढली. पण मिसेस टेर्वोला गप्प बसणं जमत नाही. ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "गेल्या एप्रिलपासून आहे लेम्पी आमच्याकडे. तिच्या हातची पेस्टी भट्टीत कधी फुटत नाही. एकोणऐंशी वर्षांची आहे म्हणून सांगून बघा कुणाला."

आईने मिसेस टेर्वोकडे असं बघितलं, की ती बिचारी मी मागितलेल्या चारऐवजी सहा पेस्ट्या बांधून मोकळी झाली.

गाडीत आई पुढे बसली नाही. मागे बसली. अजून ती अर्नीची होती ना.

"तुला पहाटे इथे सोडतं कोण?"

"अर्नी."

"म्हणजे अर्नीला माहीत आहे?"

"तो सोडायला येणार म्हणजे त्याला माहीत नको? डोळे बांधून चालवेल काय गाडी?"

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"तू ओरडशील म्हणून."

"मी ओरडत नाही."

"मग आत्ता काय करतेयस?"

मी आवाज खाली आणला आणि पगार विचारला. तिने सांगितला. पुढच्या सिग्नलला थांबले तेव्हा माझा गुणाकार झाला होता. आश्रिताची स्वतःची कमाई एका ठराविक रकमेच्या आत असावी लागते. पेन्शन त्यात सहसा धरत नाहीत, पण पगार धरतात. आईने ती मर्यादा केव्हाच ओलांडली होती. म्हणजे यंदा आई अर्नीची नव्हती, माझी नव्हती, गेलची नव्हती. सिग्नल हिरवा झाला तरी मी तशीच उभी. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा निघाले. मला सारखं अर्नीचं "विचारून ठेवलं" आठवत होतं.

घरी अर्नीने कॉफी टाकली होती. वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता. इस्त्रीचा शर्ट, ओले करून विंचरलेले केस, आणि चक्क त्याचे सगळे कागद एका फाइलमध्ये. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, पण मला तो शाळेच्या पहिल्या दिवशी बसची वाट बघत उभा होता तसाच दिसला.

"बस बस," तो म्हणाला. "आधी माझं घे. आईचं नाव टाक, मग बाकीचं बघू."

कडू औषध मी कुणाला चमच्याचमच्याने देत नाही. "अर्नी, यंदा आईला कुणालाच नावावर लावता येणार नाही. तिचा पगार मर्यादेच्या वर गेलाय."

त्याने आईकडे बघितलं. आईने पेस्ट्यांच्या पुडीची गाठ सोडायला घेतली.

"पेस्ट्यांना मुरड घालणं म्हणजे काय कमावणं झालं?" तो म्हणाला.

"मग काय, भातुकली?" आई म्हणाली.

"आई, तू थांब. मार्लिस, तो पगार लिहूच नकोस ना."

"दुकानाने तो सरकारला जानेवारीतच कळवलाय. आणि नसता कळवला तरी मी लिहिला असता. मला काय आज ओळखतोस?"

"मी सोडते नोकरी," आई म्हणाली. "आत्ता फोन करते."

"आज सोडून गेलं वर्ष परत येत नाही, आई."

अर्नी खुर्चीत हळूच बसला. त्याला पटकन बसता येत नाही. मग म्हणाला, "मी वाटा दिला नाही, त्याचा तर राग नाही ना तुझा? खरं सांग. आईने सांगितलं मला, तूच म्हणाली होतीस, पाठ बरी होईपर्यंत अर्नीने काही देऊ नये. मी विसरलेलो नाही ते. तुला मासे पाठवले ना मी, धुरी दिलेले? ते त्यासाठीच होते."

मासे आले होते खरे. उत्तम होते. कशाबद्दल आले ते मला कळलं नव्हतं. मी असं कधीही म्हणाले नव्हते, आणि अर्नीचा वाटा दर महिन्याला न चुकता आईच्या खात्यात जमा होत होता. ते खातं मी बघते.

"अर्नी," मी म्हणाले, "तुझा वाटा येतोय. दर महिन्याला."

"कुठून येईल? उन्हाळ्यात दोन दिवस गेलो कामाला. तिसऱ्या दिवशी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तो पुढे उचलेचना. पाठीने नाही, भीतीने. घरी आलो. त्या दोन दिवसांचेही पैसे मागितले नाहीत. छपरावरून पडल्यापासून एक डॉलर मिळवलेला नाही मी."

आम्ही दोघांनी आईकडे बघितलं. ती उठली आणि कॉफीचं भांडं घेऊन आमचे भरलेले कप भरायला लागली.

"आई, बस," मी म्हणाले.

ती बसली. "मी टाकत होते," ती म्हणाली. "पगार व्हायचा, त्यातले काढून त्याच्या नावाने भरायचे. तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस वाटा नाही तर पाळी नाही. नियम म्हणजे नियम. म्हणाली असतीस की नाही?"

"म्हणालेच असते. नियमच आहे तो."

"झालं तर मग. त्याची पोरं गेली, बायको गेली, ती मेली बोट गेली. म्हटलं, त्याच्या कागदावर निदान मी तरी असावी."

आता बघा. ही बाई जवळजवळ वर्षभर पहाटे उठून, पिठात हात घालून, लेकाची पाळी चुकू नये म्हणून पैसे मिळवत होती. आणि ते मिळवले म्हणूनच त्याची पाळी गेली. शिवाय आईच्याच पैशाने त्याचा वाटा कसा होईल? मला तिचा असा राग आला आणि त्याच क्षणी ती मला इतकी आवडली, की मी उठून तिच्या केसांना लागलेलं पीठ झटकलं. ते बऱ्यापैकी जोरात झटकलं गेलं.

अर्नी उठून मागच्या दाराने बाहेर गेला. खिडकीतून दिसत होता. सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटापाशी बर्फात उभा, कोटाशिवाय.

"जाऊ दे त्याला," आई म्हणाली. "तू काम कर. माझा पगार झालाय तर माझाही फॉर्म भरावा लागेल ना?"

लागणारच होता. तिच्या पगारातून टॅक्स कापला होता, तो परत मागायचा होता. कित्येक वर्षांनी आईचा स्वतःचा रिटर्न. मी लॅपटॉप उघडला आणि प्रश्न वाचून दाखवायला लागले. नाव, लेम्पी हार्यू. पत्ता. विधवा. मग आला तो प्रश्न: तुम्हाला दुसरं कुणी आपला आश्रित म्हणून दाखवू शकतं का?

"काय सांगू?" आईने विचारलं.

"नाही म्हणून सांग. आता तू कुणाची आश्रित नाहीस."

"नाही," आई म्हणाली, आणि खरं सांगते, खुर्चीत ताठ झाली. "पुढे?"

"तुमचे स्वतःचे आश्रित आहेत का. नाही. पुढचा..."

"थांब. मला विचारल्याशिवाय नाही कसं म्हणालीस? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला. तिने विचारलं, आश्रित कुणाला म्हणतात. मी सांगितलं. नात्यातला माणूस हवा. त्याची स्वतःची कमाई मर्यादेच्या आत हवी. आणि वर्षभराच्या त्याच्या खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला हवा.

"वयाचं काही आहे?"

"असल्या आश्रिताला वयाची अट नाही."

"मग त्याला आत बोलाव."

मी समजून चुकले. "आई, ऐक. त्याने तुला एका सेंटचाही फायदा नाही. तुझा कापलेला टॅक्स तसाही सगळा परत मिळतोय. उगाच त्याला कशाला लाजवतेस?"

"मी फायदा विचारला तुला? बोलाव त्याला, गारठून मरेल."

अर्नी आत आला. मिशांवर बर्फ, नाक लाल. मी त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि लॅपटॉप पुढे ओढला. दुसरं काही सुचेना, म्हणून डेपोतला आवाज काढला. त्या आवाजात मला काहीही विचारता येतं.

"गेल्या वर्षी तू कुठे राहिलास?"

"इथे. तुला माहीत आहे."

"तुझी कमाई?"

"जानेवारीतली. तीन छपरं. चौथ्यावरून पडलो."

"खाणंपिणं, डॉक्टरकडे न्यायचं पेट्रोल, बूट, फोनचं बिल, हे सगळं कुणी भरलं?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो उभा राहायला गेला, पाठीने राहू दिलं नाही. "नाही," तो म्हणाला. "मार्लिस, नाही. मी आईला नावावर लावायला आलो होतो. त्रेपन्न वर्षांचा आहे मी. मला आईच्या कागदावर कसलं चढवता?"

"वयाची अट नाही," आई म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"हे काय चर्चच्या फळ्यावर लावतात? फक्त सरकार वाचतं."

"मला लाज वाटते, आई."

आईने कप खाली ठेवला. "इतकी वर्षं मी तुमच्या कागदांवर आहे," ती म्हणाली. "एकदा हिच्या, एकदा तुझ्या, एकदा गेलच्या. मला कधी कुणी विचारलं नाही. मला लाज वाटायला हवी होती का?"

अर्नीने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"सांग ना. तुझ्या नावावर होते तेव्हा मी बिंगोला जाऊन सगळ्यांना सांगायचे. लाज वाटायला हवी होती तर तसं सांग, म्हणजे आजपासून वाटून घेते."

"नाही गं," तो म्हणाला. "तुला कशाला लाज?"

"मग तुला कशाला?"

मी त्याच्या घोंगडीचं टोक उगाच नीट केलं आणि म्हणाले, "अर्नी, मला तू छपरावर चढायला नकोयस. मला तू हवा आहेस." असलं मी बोलत नाही सहसा. त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण मी मागे घेतलं नाही.

"नंबर सांग तुझा," मी म्हणाले.

त्याने आपला सरकारी नंबर सांगितला, एकेक आकडा, मध्ये थांबत. मी आईच्या फॉर्ममध्ये भरला. नातं विचारलं होतं, तिथे मुलगा लिहिलं. आईने चष्मा लावून त्याचं नाव दोनदा वाचलं, मधल्या अक्षरासकट, आणि मान हलवली. मग आम्ही पेस्ट्या खाल्ल्या. अर्नीने दीड खाल्ली आणि अर्धी आईने त्याच्या ताटात ढकलली.

जेवण झाल्यावर त्याचा रिटर्न घेतला. तीन छपरांचा रिटर्न, त्यात आहेच काय. नाव, पत्ता, घटस्फोटित. पुढच्या ओळीपाशी मी थांबले आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "ही खूण तू कर."

त्याने बोट ओळीखाली धरून मोठ्याने वाचलं, "तुम्हाला दुसरं कुणी आपला आश्रित म्हणून दाखवू शकतं का?"

आई भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

"हो," अर्नी म्हणाला, आणि त्याने खूण केली.